पहिल्या गिऱ्हाइकाचा चेहरा

१

काचेमागे बाई उभी होती आणि तिला चेहरा नव्हता.

बाकी सगळं होतं. अंगात घरातला साधा झगा, खांद्यावर टॉवेल, मागे बाल्कनीचा कठडा, कठड्यावर टेकलेला एक हात. मानेच्या वर मात्र भोक, आणि त्या भोकातून आतलं दुकान दिसत होतं. साबणाच्या वड्यांचा मनोरा, फुगे, आणि टाचा उंचावून बाहेर बघणारी काउंटरवरची पोरगी. पोस्टरच्या खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘मी इथलीच. आणि आता मी इथूनच घेते.’

सजावटवाल्यानं काचेवरचा बाहेरचा खाकी कागद ओढून काढला तेव्हा रस्त्यावर चारदोन माणसं होती. थोड्याच वेळात चांगली गर्दी जमली. ही बाई कोण असेल, यावर पैजा लागायला लागल्या. एकानं तर आपल्या सासूचं नाव घेतलं आणि बायकोचे डोळे बघून गप्प बसला.

आमच्या कंपनीची ही रीतच आहे. नव्या वस्तीत दुकान काढायचं तर आधी तिथलं एक माणूस हेरायचं, ज्याचं बाकीचे ऐकतात. त्याचा फोटो दारापेक्षा उंच करून दर्शनी काचेवर लावायचा आणि उद्घाटनाला सगळ्यात आधी त्यालाच आत घ्यायचं. ‘पहिलं गिऱ्हाईक’ म्हणतात त्याला. जाहिरातीवर कोणी विश्वास ठेवत नाही, शेजारणीवर ठेवतात. तो फोटो शेवटच्या सकाळपर्यंत झाकलेला असतो. त्या माणसाची परवानगी घेतलेली असते, असं मी तरी समजत होते.

मला शाखाशाखांतून ‘घार’ म्हणतात. खरं नाव कोणी विचारत नाही आणि मीही सांगत बसत नाही. कोणाच्या पिशवीत काय सरकलं ते लांबून टिपणं हे माझं काम. उद्घाटनाला गर्दी होते आणि गर्दीत हात सुटतात, म्हणून प्रत्येक नव्या दुकानाला मला आधीच पाठवतात. पण दुकान उघडायच्या आधीच चोरी, आणि तीही चेहऱ्याची, हे मला नवीन होतं.

मोठे साहेब काचेपुढे येरझारा घालत होते. “अकराला दार उघडतंय,” ते म्हणाले. “पाहुणी तेव्हा त्या मावशीबाईंना घेऊन येईल. त्याच्या आत मला माणूस पाहिजे. नाहीतर हा घरी.”

‘पाहुणी’ म्हणजे वस्तीतलं ते माणूस हेरून ठेवणारी कंपनीची मुलगी, आणि ‘हा’ म्हणजे रखवालदार. तो तिथंच उभा होता, टोपी काढून हातात धरलेली. जुना कारखाना बंद पडल्यापासून बिचारा घरी बसून होता. नवा गणवेश मिळाल्यावर बायकोला शेजारी उभी करून फोटो काढून घेतला होता त्यानं, आणि कालच मला कौतुकानं दाखवलाही होता. आता तो माझ्याकडे बघेना.

“चाव्या याच्याकडेच होत्या ना?” साहेब म्हणाले. “मग आणखी काय शोधायचं?”

२

पुष्कळ शोधायचं होतं. मी आत जाऊन काचेला नाक लावलं.

पोस्टर आतल्या बाजूनं चिकटवलेलं होतं, तेव्हा कापणारा आत आला होता हे उघड. ज्याला कंपनीचा राग आहे, तो काय करील? पोस्टर फाडील, शाई फेकील, निदान ती खालची ओळ तरी खरवडून काढील. इथं ओळ जशीच्या तशी होती. कापलं होतं ते फक्त कपाळापासून हनुवटीपर्यंत, कानाच्या कडेकडेनं, केसांची एकेक बट सांभाळून. झोपलेल्या बाळाची नखं आई कापते तसं. आणि चेहरा काढून घेतल्यावर काचेवर डिंकाचा एक ठिपकाही राहिला नव्हता. ती जागा ओल्या फडक्यानं पुसून लख्ख केली होती.

नासधूस करणारा माणूस मागाहून काच पुसत बसत नाही.

“कटर माझंच वापरलंय,” सजावटवाला म्हणाला. तो माणूस मुळात तापट, त्यातून रात्रभर मागे कोठारात फुगे फुगवलेला. “पेटी उघडी होती. पण माझ्याकडे असं बघू नका बाई. माझं काम मी कशाला बिघडवू? आणि मला विचाराल तर फोटोच भिकार होता. मी निवडला नाही, वरून आला.”

“मूळ फोटो आहे?”

त्यानं खिशातून वीतभर कागद काढला. नमुन्याची छोटी प्रत. मी पहिल्यांदा त्या बाईचा चेहरा पाहिला. साठीच्या पुढची. केस नुकतेच धुतलेले, ओले, मोकळे सोडलेले. समोरच्याकडे बघून ती हसत होती, तोंडभर, अगदी दाढा दिसेपर्यंत. मी प्रत माझ्या पिशवीत टाकली.

कचऱ्याचे डबे पालथे घातले. चेहरा कुठंही नव्हता. नेला होता कोणीतरी.

मग रखवालदाराला बाजूला घेतलं. “काल संध्याकाळी कोण कोण आलं?”

“शेजारचे दुकानदार, बाई. साहेबांनी चहाला बोलावलं होतं सगळ्यांना.”

हीसुद्धा आमची रीत. ज्यांचा धंदा बसणार त्यांना आधी चहा पाजायचा, दुकान फिरून दाखवायचं, पाठीवर थाप मारायची. साहेब त्याला शेजारधर्म म्हणतात. चहा पिताना त्या माणसांचे चेहरे मी बघितलेत, म्हणून मी त्या वेळेला कोठारात जाऊन उभी राहते.

“मग?”

“सगळे गेले. समोरचे कोपऱ्यावरचे काका तेवढे मागं राहिले. बराच वेळ होते. एकटेच इथं काचेपाशी घुटमळत होते, मग साहेबांच्या खोलीत गेले.”

“आणि त्यानंतर?”

“त्यानंतर बाहेरचं कोणी आलं नाही. मुलाची शपथ.”

तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणाऱ्या माणसाला मी लगेच ओळखते, पोट भरते मी त्याच्यावर. म्हणजे उरले काका. मी रस्ता ओलांडला.

३

काकांचं दुकान म्हणजे एक लांबट बोळ. दोन्ही बाजूंना छतापर्यंत डबे, मध्ये वजनकाटा, आणि काट्यासमोर एक स्टूल. गिऱ्हाइकांना बसायला. त्या स्टुलाचं लाकूड बसून बसून गुळगुळीत झालं होतं. काका एका डब्यावरची धूळ पुसत होते, आणि त्यावर धूळ अजिबात नव्हती.

“सकाळच्या वेळेला रिकामे?” मी विचारलं.

“सगळे तुमच्याकडे उभे आहेत,” ते म्हणाले. “भोक बघतायत.”

मला हसू आलं. त्यांनाही आलं असावं, पण त्यांनी ते आवरलं.

“फोटोतल्या बाईंना ओळखता?”

मी वीतभर प्रत त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती हातात घेतली नाही. नुसती लांबून पाहिली आणि त्यांचा हात डब्यावर थांबला.

“वहिनी आहेत,” ते म्हणाले. “माझ्या मित्राची बायको. तो गेला तेव्हापासून रोज सकाळी येतात. घेतात थोडं, बसतात फार. इथं, या स्टुलावर.” थोडं थांबून म्हणाले, “हल्ली गुडघ्यांमुळे येत नाहीत, असं मी समजत होतो.”

“काल तुम्ही सगळे गेल्यावर मागं राहिलात.”

“हो.”

“कशासाठी?”

काकांचे कान लाल झाले. एवढा पांढऱ्या केसांचा माणूस, आणि शाळेत उभं केल्यासारखा खाली बघत होता. त्यांनी डबा जागेवर ठेवला, सरळ केला, परत सरळ केला.

“मीच कापला फोटो,” ते म्हणाले. “लिहून घ्या काय ते.”

४

गुन्हेगार स्वतःहून कबूल झाला की माझ्यासारखीनं खूश व्हायला पाहिजे. मी काही खूश झाले नाही.

“कसा कापलात?”

“जाताना. बाहेरून. खिशात ब्लेड होतं.”

“काका, बाहेरून काच आहे. काचेवर काल खाकी कागद होता. तुम्ही काय भुतासारखा हात आत घातलात?”

काकांनी फडकं खांद्यावर टाकलं. मग हळूच म्हणाले, “तुम्हाला नाव पाहिजे ना, घ्या माझं. पण काल मी तिथं कशाला थांबलो होतो ते विचारू नका.”

मी परत आले आणि साहेबांनाच विचारलं. ते चहा पीत होते.

“तो कोपऱ्यावरचा?” साहेब हसले. “अहो, तो नोकरी मागायला आला होता. म्हणे, वजनाला बसतो, नाहीतर पिशव्या बांधतो, पण बायकोला कळू देऊ नका. चांगला माणूस आहे. मी म्हटलं, बघू.” त्यांनी कप खाली ठेवला. “अजून आम्ही दार उघडलं नाही तोवर ही अवस्था. पाहुणीनं जागा अचूक शोधली, मानलं पाहिजे.”

मला तिथं उभं राहवेना. नोकरी मागितली हे कळण्यापेक्षा गुन्हेगार ठरलेलं त्या माणसाला चालणार होतं, आणि मी बाई ऐटीत जाऊन त्याच्या दुकानात त्याची उलटतपासणी करून आले होते. लाज वाटली. पगार घेते त्याची लाज वाटायचे दिवस माझ्या आयुष्यात फार आले नव्हते. तो त्यातला एक.

पण रखवालदार अजून टोपी हातात धरून उभा होता. काका सुटले म्हणजे फास पुन्हा त्याच्याच गळ्यात.

मी कोठारात एका खोक्यावर बसले आणि पिशवीतून ती प्रत काढली. मघाशी मी चेहरा बघितला होता, फोटो बघितला नव्हता. आता बघितला. ओले केस, घरातला झगा, खांद्यावर टॉवेल. साठीच्या पुढची कुठली बाई अशा अवतारात परक्या माणसाला फोटो काढू देईल? मी तर माझ्या सख्ख्या भावालाही देणार नाही. आणि ते हसू फोटोसाठी आणलेलं हसू नव्हतं. काढणारं माणूस काहीतरी बोललं होतं आणि बाई खळखळून हसली होती. म्हणजे काढणारं माणूस घरातलं.

आणि कापणाऱ्याला तो चेहरा इतका जपावासा वाटला, की त्यानं केसाची बट तुटू दिली नाही. मला वाटू लागलं, काढणारा हात आणि कापणारा हात एकच आहे.

“या मावशींच्या घरात कोण कोण असतं?” मी साहेबांना दारातूनच विचारलं.

“कोणी नाही. एकटी असते. मुलगा कुठंतरी लांब, परदेशात,” साहेब म्हणाले. “त्याच मुद्द्यावर तर निवडली तिला.”

५

मावशी मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर राहत होत्या. जिना चढताना माझीच दमछाक झाली, तर त्यांच्या गुडघ्यांचं काय होत असेल. दार उघडंच होतं.

“या, या,” त्या म्हणाल्या. कोण, कुठल्या, काही विचारलं नाही. “बसा आधी. पाणी देऊ?”

समोर बाल्कनी. तोच कठडा. मी पाणी प्यायले आणि बळ आणून विचारलं, “मावशी, नवीन दुकान उघडतंय ना, त्याच्याकडे तुमचा एक फोटो आहे. तुम्ही दिलात का?”

“माझा?” त्या हसल्या. “मला कोण विचारतंय. मी तर ते दुकान अजून पाहिलंही नाही. महिना झाला, जिनाच उतरले नाही.”

“मग सामान?”

“आमची पोरगी आणते की. भाडेकरू आहे म्हणायला, पण पोरगीच. बँकेत असते. उन्हाळ्यात तापानं फणफणली होती, सगळं मीच केलं तिचं. आता ती मला खाली उतरूच देत नाही. मी म्हटलं, अगं, भाऊजी वाट बघत असतील कोपऱ्यावरच्या दुकानात. तर म्हणते, गुडघे बरे होऊ देत आधी.” त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड वळवलं. “बाळ, पाहुण्या आल्यात. चहा टाकतेस का?”

आतली कडी वाजली. दारात एक मुलगी आली, केस विंचरलेले, अंगात नवे कपडे, आणि डोळे रात्रभर न मिटलेले.

कुठल्या शहरात तिला पाहिलं नव्हतं मी? प्रत्येक उद्घाटनाला साहेबांच्या उजव्या हाताला ती उभी असायची. दुकान उघडायच्या कितीतरी आधी ती त्या वस्तीत जायची, राहायची, लोक काय घेतात, कुठं घेतात, कोणाच्या सांगण्यावरून घेतात ते गोळा करायची. कुठं उतरते ते कोणाला ठाऊक नसायचं. हॉटेलात असेल, असं मी धरून चालले होते. म्हणून तर तिला आम्ही पाहुणी म्हणायचो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे.

६

“चहा मी टाकते, तुम्ही बोला,” मावशी म्हणाल्या आणि भिंतीला धरून धरून स्वयंपाकघराकडे गेल्या.

पाहुणी समोर बसली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. “रखवालदारानं सांगितलं?” तिनं हळू विचारलं.

“त्यानं सांगितलं, बाहेरचं कोणी आलं नाही. तू बाहेरची नव्हतीसच. तुझ्याकडे कंपनीचं कार्ड आहे, तुला त्यानं सलाम ठोकला असेल आणि विसरून गेला असेल. मी आतल्या माणसांचं विचारलंच नाही त्याला, ती माझी चूक.” मी आवाज आणखी खाली आणला. “फोटो तू काढलास. तू पाठवलास. मग कापलास का?”

“पोस्टरसाठी नव्हता पाठवला,” ती म्हणाली. “अहवालात लावायला म्हणून पाठवला होता. बाकीच्या ठिकाणी मी नीट फोटो काढून घेतला, विचारून घेतला. इथं विचारायचं म्हटलं की तोंड उघडायचं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं मी कोण ते. आज सांगते, उद्या सांगते असं करत राहिले. काल संध्याकाळी दुकानात गेले तर ही एवढी मोठी. साहेबांना म्हटलं, बदला. ते म्हणाले, सुंदर आलाय, अगदी घरचा वाटतो.”

“चेहरा कुठाय?”

“गादीखाली. घडी घालवेना मला.”

ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिचा चेहरा नुसता कोरडा पडला होता. मी काहीतरी कठोर बोलणार होते, पण मावशींना खाली उतरू दिलं नाही ते गुडघ्यांसाठी की काकांच्या दुकानात नव्या दुकानाबद्दल काही कानावर पडेल म्हणून, हे विचारायचा मलाच धीर झाला नाही.

“अकराला मला यांना घेऊन यायचंय,” ती म्हणाली. “नाही आणलं तर माझं जाईल. आणलं तर…”

“आणि तो रखवालदार? त्याचं काय?”

“त्याचं काय?”

तिला हे माहीतच नव्हतं. मी सांगितलं. तेव्हा कुठं ती माझ्यासमोर येऊन बसली.

“कोणाचं काय जाणार आहे?” मावशी म्हणाल्या.

त्या ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. तीन कप होते आणि तिन्ही कपांतला चहा बशीत सांडला होता. शेवटी मीच सगळं सांगितलं, कारण कोणीतरी सांगायला पाहिजे होतं. सांगून झाल्यावर मावशींनी ट्रे खाली ठेवला.

“त्या माणसाला घरी पाठवतील, माझ्या फोटोवरून?” त्यांनी एवढंच विचारलं.

“हो.”

“मग चला. मला न्या तिकडं.”

७

मागच्या दारानं, माल उतरवतात तिथून, मी त्यांना आत घेतलं. जिना उतरताना पाहुणीनं हात पुढे केला होता. मावशींनी तो धरला नाही, माझा धरला.

कोठारातून दुकानात आलो आणि मावशींची पावलं मंदावली. मला वाटलं, गुडघे. पण त्या बघत होत्या. पहिल्याच वळणावर एक बाक होता, गादीचा, पाठ असलेला. वर पाटी होती, ‘बसा. घाई कसली?’

“हे मी म्हणते,” मावशी म्हणाल्या. “घाई कसली, घरी कोण वाट बघतंय, असं मी म्हणत असते.”

पुढे छोट्या छोट्या पुड्या. एका माणसाला पुरेल एवढी साखर, एवढीशी डाळ, एवढंसं तेल. फळीला दोरीनं बांधलेलं भिंग, चष्मा घरी विसरणाऱ्यांसाठी. भाव लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर मोठी अक्षरं. आणि दाराशी एक पोऱ्या नेमलेला, सामान जिन्यावरून घरपोच करायला. मी हे सगळं आदल्या दिवशी बघितलं होतं आणि मनात म्हटलंही होतं, वा, इथं काय विचार केलाय म्हाताऱ्या माणसांचा. कोणाच्या स्वयंपाकघरातून आलाय तो विचार, हे मला काय ठाऊक.

मावशी प्रत्येक फळीला हात लावत गेल्या. “हे पण मी बोलले होते. हे ताप उतरला त्या दिवशी. हे परवा.” पाहुणी त्यांच्या मागून चालत होती आणि तिची मान वर होत नव्हती.

साहेब ऑफिसात होते. तिथंच नेऊन बोलणं झालं असतं. पण गुन्ह्याचा उलगडा गुन्ह्याच्या जागेवर करायचा, ही माझी खोड. इतक्या वर्षांचा धंदा, तेवढा मान आपल्याला मिळाला पाहिजे, असं वाटतं. मी साहेबांना दर्शनी दाराजवळ, पोस्टरपाशी बोलावून घेतलं. रखवालदारही आला. शटर अजून बंद होतं आणि पलीकडून गर्दीचा आवाज येत होता.

मी तोंड उघडायच्या आत मावशीच बोलल्या.

“हा फोटो माझा. तो कापून काढायला मी सांगितलं. या माणसाला काही बोलायचं नाही.”

साहेब गोंधळले. “मावशी, अहो पण असं परस्पर…”

“चेहरा माझा आहे. तो कुठं लावायचा आणि कुठं नाही ते मी ठरवीन. मला कोणी विचारलं नव्हतं.”

साहेबांनी पाहुणीकडे पाहिलं. पाहुणीनं मान हलवली. साहेब माझ्याकडे वळले. मला सगळा उलगडा पाठ होता, कटर, पुसलेली काच, ओले केस, कार्ड. “त्या म्हणतायत तसंच आहे,” मी म्हटलं. खोटी साक्ष मी आयुष्यात पहिल्यांदा दिली.

“ठीक आहे, ठीक आहे,” साहेब म्हणाले. “मिटलं तर. याचा काही प्रश्न नाही.” रखवालदारानं टोपी डोक्यावर घातली.

“आणखी एक,” मावशी म्हणाल्या. “ही तुमची मुलगी आज माझी खोली सोडेल. आणि मी तुमच्याकडून काही घेणार नाही. कधीच. मी जिथं घेते तिथंच…”

त्याच वेळी अकरा वाजले. आमची शटरं आपोआप उघडतात. कंपनीनं सगळ्या शहरांत एकाच क्षणाला उघडावीत म्हणून तशी बसवलीयत. घरघर झाली, गाणं सुरू झालं, आणि प्रकाश आत आला. आधी पायांवर, मग कमरेवर, मग तोंडावर.

बाहेर अख्खी वस्ती उभी होती. आणि दारात, आत, सगळ्यांच्या आधी, मावशी.

“अरे, मावशी आहेत,” कोणीतरी म्हणालं. “मावशी आत आहेत.”

“त्याच होत्या का फोटोत?”

“मग काय, चला.”

मावशी ‘नाही, नाही’ म्हणत होत्या, हात हलवत होत्या. गाण्यात काही ऐकू गेलं नाही. हात हलवणारी म्हातारी लांबून बोलावल्यासारखीच दिसते. लोक आले. कोणी त्यांच्या खांद्याला हात लावून गेलं, कोणी म्हणालं, “तुम्ही आलात म्हणून आलो बघा.” एक शेजारीण तर त्यांना मिठी मारून आत पळाली. साहेबांनी मोबाईल काढून फोटो घेतला.

मी त्या दारातून समोर पाहिलं. काका आपल्या दुकानाच्या पायरीवर उभे होते. ते बराच वेळ तसेच उभे राहिले, आणि मग आत गेले.

मीच आणलं होतं मावशींना पुढच्या दाराशी. मी, माझ्या मानासाठी. पाहुणीला जे जमलं नसतं ते मी करून दाखवलं होतं.

“मागचं दार कुठाय?” मावशींनी विचारलं. मी त्यांचा हात धरला. गर्दीच्या उलट्या दिशेनं आम्ही निघालो, छोट्या पुड्यांच्या फळीवरून, त्या बाकावरून. बाकावर दोन म्हातारी माणसं आरामात बसली होती. पाहुणी कुठं राहिली मी पाहिलं नाही.

मालाच्या दाराबाहेर रिकामी खोकी पडली होती. मावशी एका खोक्यावर बसल्या. मान खाली, दोन्ही हात मांडीत.

“भाऊजींनी पाहिलं का मला?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “त्यांच्याकडे तेव्हा गिऱ्हाईक होतं.”

मावशींनी माझ्याकडे बघितलं. “खोटं कशाला बोलता, बाई,” त्या म्हणाल्या. “त्यांच्याकडे आता कुठलं गिऱ्हाईक.”